डबा बदलण्यापूर्वी

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की मराठवाड्यातील रस्ते रात्रीही जागे राहतात. परभणी जिल्ह्यात सोनपेठला आमचे एक शिक्षक मित्र राहतात. त्यांच्या धाकट्या भावाचा आठ वर्षे जुना ट्रक हंगामात उसाच्या वाहतुकीला जातो. दिवाळीनंतर आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ट्रक दारातच उभा होता आणि भाऊ चिंतेत होता.

तक्रार चमत्कारिक होती. डावा इंडिकेटर दिला, की मागचे दोन्ही ब्रेकलाइट त्याच्याबरोबर मंदपणे लुकलुकत. रात्री टेललाइट लावून, डावा इंडिकेटर देऊन ब्रेक दाबला, तर मागची डावी बाजू चक्क काळोखी होई. उसाने लादलेल्या ट्रकचा एकच दिवा मागच्याला दिसला, तर पुढे मोटारसायकल आहे असे समजून तो बाजूने काढायला जाईल. मग काय होईल, हे सांगायला नको.

"डबाच गेला म्हणतेत, सर," भाऊ म्हणाला. "नवा टाकायचा तर पहिल्या काही खेपांची कमाई त्यातच जाते."

डबा म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूल. तो खरोखर गेला आहे का, हे कसे ठरवायचे?

डब्यात काय असते?

जुन्या ट्रकमध्ये दिव्याचा मार्ग सरळ होता. बॅटरी, फ्यूज, बटण, गरज असल्यास रिले आणि मग दिवा. बटण दाबले की त्यातूनच प्रवाह दिव्याकडे जाई. डबा असलेल्या गाडीत बटण फक्त निरोप देते. डब्यातील सूक्ष्मसंगणक तो वाचतो आणि अर्धवाहकाचा एक स्विच उघडून त्या दिव्याच्या तारेवर २४ व्होल्ट सोडतो. शिवाय किती प्रवाह गेला, हेही तो मोजतो. फार जास्त गेला, तर तार कुठेतरी चिकटली असे समजून पुरवठा तोडतो. फार कमी गेला, तर बल्ब उडाला असे समजून दोषाची नोंद करतो.

इंजिनाच्या आणि इतर डब्यांशी तो एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतो. 'कॅन' नावाची ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली. तिच्यामुळे प्रत्येक निरोपाला वेगळी तार ओढण्याची गरज उरली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. डब्याला जे कळते, ते त्याच्या स्वतःच्या टोकाशी कळते तेवढेच. दिव्यापासून परत बॅटरीकडे येणारी वाट त्याला दिसत नाही. त्या वाटेत अडथळा आला, तरी तो 'डाव्या इंडिकेटरचा दोष' एवढेच सांगतो. ऐकणारा मात्र सांगणाऱ्यालाच दोषी धरतो!

नकळत झालेला प्रयोग

चौकशी केल्यावर कळले, की एका वायरमनने भंगारात निघालेल्या तशाच ट्रकचा डबा आणून लावून पाहिला होता. त्याने दिव्यांची खोड गेली नाहीच, उलट वायपर बंद पडले आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दोन दिवे कायमचे लागले. जुना डबा परत बसवल्यावर हे दोन्ही नवे दोष गेले, जुना मात्र राहिला.

विज्ञानाच्या शिक्षकाला हे ऐकताच पुढचा विचार सुचायला हवा. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलली आणि मूळ लक्षण तसेच राहिले. म्हणजे त्या लक्षणाचे कारण बदललेल्या वस्तूत नसून न बदललेल्या भागात असण्याचा संभव फार मोठा. प्रयोग झाला होता, फक्त निष्कर्ष कोणी काढला नव्हता.

मीटर वाजला, तरी

ट्रकमध्ये परतीची तार बहुधा वेगळी ओढत नाहीत. दिव्याची 'अर्थ' जवळच चॅसीला बोल्टने कसतात आणि लोखंडी चॅसीच परतीची तार होते. "अर्थ तपासली होती, मीटर वाजला," असे भावाने सांगितले. मग अर्थ ठीक नव्हती का?

मित्राने शाळेच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर आणला. त्याची तार पुरेना, म्हणून घरातली वायर जोडून घेतली. एक टोक बॅटरीच्या ऋण ध्रुवाला लावले, दुसरे मागच्या दिव्याच्या अर्थच्या टोकाला, आणि इंडिकेटर चालू ठेवून व्होल्ट वाचले. उजवीकडे ०.१ व्होल्ट. डावीकडे इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापेबरोबर काटा म्हणावा तसा आकडा १० व्होल्टच्या पुढे उडी मारी. चांगल्या अर्थवर हा आकडा शून्याच्या जवळच राहायला हवा.

मग आधी मीटर का वाजला? कारण मीटरचा इवलासा प्रवाह दुसऱ्याच वाटेने गेला होता. २४ व्होल्ट, २१ वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे २७ ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या साधारण दहावा हिस्साच. डाव्या ब्रेकलाइटची तार आणि उजव्या ब्रेकलाइटची तार एकच. त्यामुळे मीटरचा प्रवाह डाव्या थंड बल्बमधून उलटा जाऊन उजव्या बल्बमधून उजव्या अर्थला पोहोचला. वाटेत रोध जेमतेम पाच-सहा ओहम! एवढ्यावर मीटर वाजणारच. दिवे बंद ठेवून केलेली तपासणी अशी फसवते. वाट ओझे वाहू शकते का, हे पाहायचे तर तिच्यावर ओझे टाकूनच पाहिले पाहिजे.

डावा बोल्ट खोलला. हंगामापूर्वी ट्रकला रंग दिला होता. रंगाऱ्याने अर्थचा बोल्ट काढून चॅसी रंगवली आणि बोल्ट छान चकचकीत रंगावर पुन्हा कसला. रंग विद्युतरोधक असतो, आणि बोल्टच्या आट्यांतही तो भरला होता. पॉलिश पेपरने जागा घासली, लोखंड उघडे पडले, बोल्ट कसला, वर ग्रीस लावले. दिवे शहाण्यासारखे वागू लागले. खर्च पॉलिश पेपरचा.

वर्गात करून पाहा

हे कोडे तीन बल्बांत दाखवता येते. टॉर्चचे २.५ व्होल्टचे तीन सारखे बल्ब, दोन सेल, दोन बटणे आणि थोडी तार घ्या. एलईडी नको, त्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून ही लक्षणे दिसणार नाहीत.

बल्ब 'क' म्हणजे डावा इंडिकेटर, 'ख' डावा ब्रेकलाइट आणि 'ग' उजवा ब्रेकलाइट. 'क'ला पहिल्या बटणातून धन टोक द्या. 'ख' आणि 'ग' या दोघांना मिळून दुसऱ्या बटणातून धन टोक द्या. 'क' आणि 'ख' यांची उरलेली टोके एकत्र बांधून एकाच तारेने सेलच्या ऋण टोकाला न्या. ही डावी अर्थ. 'ग'ची परतीची तार स्वतंत्र ठेवा.

आता पहिले बटण दाबा. फक्त 'क' लागेल. मग डावी अर्थ सोडवा. प्रवाहाला 'क', 'ख', 'ग' अशी एकच वाट उरते. तिघांना वाटून प्रत्येकी सुमारे १ व्होल्ट मिळतो आणि तिघेही मंद, लालसर दिसतात. आता दुसरेही बटण दाबा. विद्यार्थ्यांना आधी अंदाज बांधायला सांगा. बहुतेक जण म्हणतील, दिवे जास्त उजळतील. प्रत्यक्षात 'क' आणि 'ख' पार विझतात आणि एकटा 'ग' झगझगतो. 'क' आणि 'ख' यांच्या दोन्ही टोकांना आता सारखाच विद्युतदाब आहे. दाबात फरक नाही, म्हणून प्रवाह नाही. रस्त्यावर ब्रेक दाबताच डावी बाजू काळोखी का होत होती, ते इथे टेबलावर दिसते.

डबा खरेच गेला असेल तर?

तसेही होते. पाणी शिरते, जोडण्या गंजतात, आतील स्विच जळतो. डब्याला पुरवठा मिळतो आहे, त्याची स्वतःची अर्थ ठीक आहे, फ्यूज शाबूत आहे, बटणाचा निरोप पोहोचतो आहे आणि तरीही त्याच्या टोकावर व्होल्ट येत नाहीत, एवढे मोजून झाल्यावरच त्याला दोषी ठरवावे. बोलण्याच्या दोन तारांचीही सोपी परीक्षा आहे. त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडून दोन तारांमध्ये मोजले, तर समांतर जोडणीमुळे ६० ओहम यावेत. १२० आले, तर एक रोध कुठेतरी तुटून बाजूला पडला आहे.

बदलतानाही घाई नको. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. कोणती जोडणी कुठे होती याचे छायाचित्र घ्यावे. नव्या डब्याचा भाग-क्रमांक जुळवून पाहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, डबा म्हणजे केवळ वस्तू नव्हे. त्याच्या स्मृतीत त्या विशिष्ट गाडीची माहिती असते: दिवे कोणते, वायपर कसले, बरोबरचे डबे कोणते. नवा डबा कोरा असतो आणि भंगारातल्या डब्यात दुसऱ्याच गाडीची माहिती असते. सोनपेठच्या ट्रकचे वायपर त्यामुळेच रुसले होते. म्हणून जुना डबा बोलत असेल, तर काढण्यापूर्वीच तपासणी यंत्राने त्यातील माहिती वाचून ठेवावी आणि नव्यात भरावी. पाना आणि पेचकस यांनी हे अर्धे काम होत नाही.

त्या रात्री ट्रक परळीच्या रस्त्याला लागला. मित्राचा भाऊ वळणावर मुद्दाम ब्रेक दाबून थांबला. मागे दोन्ही बाजूंना सारखे लाल दिवे लागले. मल्टिमीटर दुसऱ्या दिवशी शाळेत परत गेला. मित्राने तो कपाटात न ठेवता थेट नववीच्या वर्गात नेला.