वर्कशॉपमधील जड मशीनला चाके कोणती बसवावीत?



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या नि टायरगाड्यांच्या दुरुस्तीची एकच घाई उडते. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी शेड लहान अन् काम फार. ट्रॉली आत मावत नाही, मग वेल्डिंगचा सेट किंवा कॉम्प्रेसरच बाहेर काढायचा. पुष्कळ सभासदांच्या घरीही आता अशी मशीन आहेत. चार माणसे बोलावून पहारीने मशीन सरकवण्यापेक्षा खाली चाके बसवलेली बरी, हे खरेच. पण हाताला लागतील ती चाके ठोकली, तर तेच मशीन एखाद्या दिवशी ढकलणाऱ्याच्या अंगावर येते.

पहिला घोटाळा होतो वजनाच्या हिशेबात. मशीन आणि खालचा सांगाडा मिळून 450 किलो, चाके चार, म्हणजे एका चाकावर साधारण 112 किलो, असे आपण धरतो. परंतु आपल्या शेडची जमीन सपाट कुठे असते? काळ्या मातीवरची फरशी खचते, तडकते. एक चाक अधांतरी राहिले की भार तिघांवरच येतो. म्हणून वजनाला तीनाने भागावे आणि निदान 150 किलो पेलणारे चाक घ्यावे. वजन एकाच बाजूला जास्त असेल तर त्याहून दणकट.

चाक मोठे घेण्यात कंजुषी नको. जुन्या लाकडी बैलगाडीची चाके एवढी मोठी का असत, ते आठवावे. एका चाकावर 100 किलो भार आहे आणि ते समोरच्या 1 सेंटिमीटर उंच काठाला टेकून उभे राहिले, असे धरू. 2 इंची चाक वर चढवायला आडवा जोर सुमारे 130 किलोचा लागतो, म्हणजे भारापेक्षाही जास्त! 6 इंची चाकाला 57 किलोच्या आसपास पुरतो. लहान चाक अडते, आपण जोर लावतो, मशीनचा तळ जागीच राहतो आणि वरचा भाग पुढे जातो. उंच पिलर ड्रिल अशीच कलंडते. ती नेहमी खालून ढकलावी, आणि कलंडू लागली तर सावरायला जाऊ नये, बाजूला व्हावे.

रबरी चाक आवाज करत नाही, पण तेलाने खराब होते आणि एकाच जागी महिनोन् महिने भार राहिला की चपटे पडते. नायलॉनचे हलके फिरते, खडबडीत जमिनीवर मात्र मशीनला हादरे देते. लोखंडी चाक भार उत्तम पेलते, फरशी मात्र उखडते. आमच्या मते बिडाच्या चाकावर पॉलियुरेथेनची धाव असलेले चाक बहुतेक कामांना चांगले. वेल्डिंगच्या ठिणग्या तेवढ्या त्यावर पडू देऊ नयेत.

दोन चाके सरळ जाणारी आणि दोन वळणारी ठेवावीत. वळणारी चाके ढकलणाऱ्याच्या बाजूला. वळणारे चाक आतल्या अंगाला फिरले की मशीनचा पाया तेवढा अरुंद होतो. म्हणून खालचा अँगलचा सांगाडा मशीनच्या बुडापेक्षा रुंद करावा. चाकाची प्लेट बोल्टनेच बसवावी. वेल्ड केली तर उष्णतेने आतले ग्रीस जळते.

काम करताना मशीन चाकांवर उभे ठेवू नये, ब्रेक असला तरीही. सांगाड्याच्या चारही कोपऱ्यांना नट वेल्ड करून त्यांत जाड बोल्टचे पाय बसवावेत. काम सुरू करण्यापूर्वी ते पाय खाली पिळून चाकांवरचा भार काढावा. हलणाऱ्या मशीनची केबलही ओढली जाते. अर्थिंगची तार आतल्या आत तुटली तरी मशीन चालतच राहते, म्हणून ती तार अधूनमधून तपासावी. मशीन हलवण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

लेथला मात्र चाके नकोतच. तिचा बेड लेव्हलमध्ये घट्ट बसलेला असला तरच काम बिनचूक होते. कधी काळी जागा बदलावी लागली, तर खाली पाइपचे तुकडे घालून ती सावकाश सरकवावी.