बरे झाल्यानंतरचे गाव

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ साली स्थापन झाले, तेव्हा वेड्यांच्या आश्रयगृहांविषयीचा १८५८चा कायदा अमलात होता. आणि त्या कायद्याची घडण पाहता रोग्याच्या आरोग्यापेक्षा समाजाच्या बंदोबस्ताचीच चिंता सरकारास अधिक असावी, असे अनुमान करावे लागते. पुढे १९१२चा कायदा आला, तरी दाखल होण्याची मुख्य वाट मॅजिस्ट्रेटच्या हुकमातूनच जात राहिली. ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्या पंक्तीतले, परंतु ३६५ खाटांमुळे त्यांत सर्वांत लहान असलेले हे रुग्णालय कोकणाच्या कित्येक पिढ्यांनी दुरून, आणि बहुधा भीतीनेच, पाहिले आहे.

१९५२नंतर क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे उपलब्ध होऊन विकाराचा जोर ओसरू लागला, तेव्हा खरा प्रश्न उघडा पडला: बरा झालेला माणूस जाणार कोठे? २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १९वे कलम सांगते की, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच सबबीवर कोणासही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. हक्क निःसंदिग्ध आहे. परंतु तो बजावण्यास शेजार लागतो.

बेल्जियममधील गील या गावी मनोरुग्णांना घरोघरी ठेवून घेण्याची प्रथा मध्ययुगापासून चालत आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा जो तौलनिक अभ्यास केला, त्यातही आग्र्यासारख्या केंद्रांतील रुग्णांची पुढील वाटचाल श्रीमंत देशांतील रुग्णांहून बरी आढळली. त्याचे श्रेय एकत्र कुटुंबाला किती द्यावे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आणि ते ध्यानात ठेवणे हिताचे, कारण आपल्या समाजजीवनाची आरती ओवाळण्याचा मोह येथे सहज होतो.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी नेणारी कोकणची गावकी माणसाला जसे स्थान देते, तसेच ते हिरावूनही घेऊ शकते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो वाळीत टाकण्याच्या अशाच प्रकारांमुळे. शिवाय चाकरमानी मुंबईस, घरी केवळ वृद्ध आईबाप, अशा अनेक घरांत शुश्रूषेचा सारा भार थकलेल्या हातांवर पडतो. म्हणून ‘कुटुंबाने सांभाळावे’ हा उपदेश अपुरा आहे. परतलेल्या माणसाबरोबर औषध आणण्यास कोण जाईल, आंब्याच्या हंगामात आढी लावण्याचे वा पेट्या भरण्याचे काम रास्त मजुरीवर कोण देईल, वर्गणीच्या यादीत आणि बैठकीत त्याचे नाव पूर्ववत राहील की नाही, हे प्रश्न वाडीने मिळून सोडवावयाचे आहेत.

डॉक्टर आणि शासन यांची जबाबदारी यामुळे तिळमात्र कमी होत नाही. १९९६पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने उपचार तालुक्यापर्यंत पोहोचवावेत, ही मागणी लावून धरलीच पाहिजे. परंतु १९व्या कलमाचा अंमल सरकारदरबारी कितीही चोख झाला, तरी त्याची शेवटची तामिली गावकीच्या बैठकीतच व्हावयाची आहे.