मागची फळी काय सांगते

टोलांच्या घड्याळाची किंमत काढायला बसलेला जाणकार ते वेळ बरोबर दाखवतं का, हे सर्वांत शेवटी बघतो. आधी तो लंबक काढतो, मशीन उतरवतो आणि रिकाम्या पेटीत बॅटरीचा झोत टाकतो. मागच्या फळीवर बिनकामाची स्क्रूची भोकं दिसली की त्याचा चेहरा बदलतो. या पेटीत पूर्वी दुसरंच मशीन होतं! पेटी एकाची, मशीन दुसऱ्याचं, डायल तिसऱ्याची असं जोडकाम चालेल कितीही छान, पण विकताना भाव देत नाही.

नावाचा भरवसा तर आणखी कमी. अन्सोनिया हे नाव आपल्याकडच्या जुन्या घरांत अजून कौतुकाने घेतलं जातं. १८५१ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये निघालेली ही कंपनी १८७९ मध्ये ब्रुकलिनला गेली, पुढच्याच वर्षी तिथला कारखाना जळाला, पुन्हा उभा राहिला आणि १९२९ मध्ये तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली. मधल्या काळात तिथून घड्याळं निघाली ती ढिगांनी, त्यामुळे नुसत्या नावाने भाव चढत नाही.

सिलेशियातल्या गुस्ताव बेकर या घड्याळकाराचंही तसंच. त्याच्या मशीनच्या मागच्या पत्र्यावर क्रमांक ठोकलेला असतो. १८७५ च्या सुमारास हा आकडा एक लाखावर होता, १८९२ च्या आसपास दहा लाखांवर पोचला. ‘पणजोबांच्या लग्नातलं’ म्हणून दाखवलेल्या घड्याळाचं वय हा क्रमांक बऱ्यापैकी सांगतो, आणि पुष्कळदा घरच्या आठवणीपेक्षा ते लहान निघतं.

मग लिलावातले आकडे? ब्रेगे या घड्याळकाराच्या पेढीने ऑर्लेआंच्या ड्यूकसाठी केलेलं ‘सिम्पाथीक’ म्हणजे खिशातलं घड्याळ वर ठेवलं की त्याची वेळ आपोआप जुळवून देणारं अद्भुत यंत्र. सदबीजच्या न्यूयॉर्क लिलावात ते १९९९ मध्ये सुमारे ५७ लाख ७७ हजार डॉलरला गेलं आणि २०१२ मध्ये ६८ लाखांना. तेरा वर्षांत जेमतेम अठरा टक्के वाढ, आणि या आकड्यांत घेणाऱ्याने लिलावघराला दिलेलं कमिशनही धरलेलं. विकणाऱ्याच्या हाती पडतं ते याहून कमी.

शिवाय परदेशातला भाव इथे लावताच येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसणारी, शंभर वर्षांहून जुनी वस्तू कुणा व्यक्तीला देशाबाहेर विकायला नेता येत नाही. म्हणजे गिऱ्हाईक इथलंच, आणि मुंबईच्या चोरबाजारातला दुकानदार स्वतःचा नफा राखूनच भाव बोलणार.

सगळ्यांत वाईट वाटतं ते हौशी चकाकीचं. विकण्याआधी पेटीला नवं पॉलिश, डायलवर नवे आकडे, पितळ घासून लख्ख. खर्च मालकाचा आणि किंमतही उतरते त्याच्याच घड्याळाची! जुन्या कारागिरांना दुरुस्तीची तारीख मशीनच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने बारीक कोरून ठेवायची सवय असे. भिंगाखाली त्या तारखा एकामागोमाग सापडल्या की हे मशीन कधी, किती वेळा उघडलं गेलं, ते कळतं. घासताना पहिल्यांदा पुसल्या जातात त्या ह्याच.