शेक संपल्यानंतर

सोनारीत रविवार आहे. भैरवनाथाच्या दर्शनाची रांग देवळाबाहेर आली आहे, आणि कुणाच्या हातात काय आहे ते माकडं पत्र्यावरून न्याहाळताहेत. मी उभा आहे त्या दुकानात २२ वर्षांचा एक तरुण नारळ, उदबत्ती आणि फुटाणे विकतो आहे. गिऱ्हाइकानं पाचशेची नोट दिली आहे. तो ओठ हलवत बेरीज करतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून करतो. "आवर की लेका," गिऱ्हाईक म्हणतं. शेजारी बसलेल्या आईचा हिशेब केव्हाच झाला आहे, पण ती गप्प आहे. पैसे परत मिळतात. बरोबर मिळतात.

सातव्या वर्षी त्याच्या लहान मेंदूत गाठ निघाली, मेड्युलोब्लास्टोमा. मुंबईला ऑपरेशन झालं आणि मग सहा आठवडे शेक. रेडिओथेरपीला इकडे शेकच म्हणतात. आई पिशवीतली फाईल माझ्या हातात देते. किरणांची मात्रा: डोकं आणि पूर्ण कणा २३.४ ग्रे, गाठीच्या जागी एकूण ५४ ग्रे. कणा वाढीच्या वयात किरणांखाली आला, म्हणून पाय लांब आणि धड आखूड राहिलं आहे. मानेवर केस विरळ आहेत. डाव्या कानानं कमी ऐकू येतं; त्यात सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचाही वाटा असतो. आई त्याच्या उजवीकडेच बसते. थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी.

"मास्तर म्हनायचे, ध्यान न्हाई पोराचं," आई सांगते. "ध्यान हाय हो. येळ लागतो."

नेमकं हेच आहे. किरणांनी मेंदूतल्या जोडणाऱ्या तंतूंची वाढ खुंटते आणि विचाराचा वेग मंदावतो. समज असते, पण ती कागदावर उतरेपर्यंत तास संपतो. जादा वेळ मागता येतो हे या घराला कुणी सांगितलं नाही आणि नववीत शाळा सुटली. याची मला चीड येते.

शेक चुकीचा होता असं मात्र म्हणवत नाही. ही गाठ मेंदूभोवतीच्या पाण्यातून पसरते, म्हणून सगळा मेंदू आणि कणा किरणांखाली घ्यावाच लागतो. जिथे गाठीपुरतं नेमकं जाता येतं तिथे किती फरक पडतो, हे टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २०० मुलं-तरुणांवर पाहिलं. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी सौम्य किंवा मंद वाढणाऱ्या होत्या; एका गटाला जुन्या पद्धतीचे किरण, दुसऱ्याला नेमके, आणि मात्रा दोन्ही गटांत तीच, ५४ ग्रे. पाच वर्षांनी संप्रेरकांचे नवे बिघाड जुन्या पद्धतीत ५१ टक्के होते, नेमक्या किरणांत ३१. बुद्धीच्या चाचणीतही नेमक्या किरणांचा गट पुढे.

नारळ सोलता सोलता त्याची मावशी बोलते, "गाठ न्हाई आता. मग कशाला जायाचं मुंबईला?"

बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून या भागात गावोगाव फिरते. रोगी आणि मृत्यू तिथे नोंदले जातात, पण जगलेल्या मुलाची उंची, कान आणि सुटलेली शाळा कोण लिहून ठेवणार? मेंदूच्या आवरणात नवी गाठ किंवा अर्धांगवायू शेकानंतर दहा-वीस वर्षांनीही येऊ शकतो. म्हणून टाटात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना चालतो. फाईल जपून ठेवायची ती याचसाठी, कुठे किती ग्रे गेले हे पुढच्या डॉक्टरला कळलं पाहिजे.

तरुण माझ्याकडे वळतो. "किती वर्सं तपासायचं?"

"जन्मभर. थायरॉईडचं रक्त बार्शीतही तपासता येईल. बाकीच्यासाठी वर्षातून एकदा मुंबई."

"आणि कानाचं?"

"मशीन लावून बघता येतं."

"चैताची यात्रा झाल्यावर जाऊ," आई म्हणते.

तो विचार करतो. आम्ही थांबतो.

"आधी जाऊ," तो म्हणतो. "यात्रेत गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येत न्हाई मला."