विमान कंपनीचा गाडा कसा चालतो?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका चिमुकल्या विमानाने निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. अहमदाबादला त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निकामी होई, म्हणून त्या दिवसांत कंपनीला आपले बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. हीच कंपनी पुढे एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली.

विमान बदलले, पण बैलगाडीचा हिशेब सुटलेला नाही. गाडी मागून जड भरली की उलाळते, पुढून जड भरली की ओझे बैलांच्या मानेवर येते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. विमानाचेही तसेच आहे. उतारू किती, सामान किती, इंधन किती आणि कोणते ओझे कुठे ठेवले याचे भारपत्रक प्रत्येक उड्डाणापूर्वी तयार होते आणि ते पाहिल्याशिवाय कॅप्टन निघत नाही. जळगावला येणारी विमाने सत्तरेक आसनांची, पंख्याची असतात. अशा लहान विमानात तुम्हाला कोणी जागा बदलायला सांगितले तर मानापमान समजू नये. त्यात आपल्या खान्देशचा उन्हाळा! पारा ४३-४४ वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो. मग कधी कधी ओझेच कमी करावे लागते.

इंधनाचे गणित आणखी काटेकोर. मुक्कामापर्यंत लागेल तेवढे, त्यावर थोडे वाढीव, तिथे उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते आणि त्याहीवर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते. मग टाकी काठोकाठ का भरत नाहीत? तर जास्तीचे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते. हे सारे लिटरमध्ये नव्हे, वजनात मोजतात. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात किलो आणि पौंड यांचा घोळ झाला. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी भरले गेले आणि ६९ माणसे घेऊन निघालेल्या विमानाची दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकाने ते तरंगत नेऊन गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. सगळी माणसे वाचली. फवारणीच्या वेळी ग्रॅम आणि मिलिलिटरची गल्लत करणारे आपले भाऊबंद मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून ही हकिगत मुद्दाम सांगितली.

माणसांच्या विश्रांतीचाही हिशेब असतो. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करावी, आणि रात्री उतरण्याच्या खेपा सहावरून दोनवर आणाव्यात, असे नियम केंद्राने केले. २०२५ च्या नोव्हेंबरात ते पूर्ण लागू झाले. देशातील सर्वांत मोठ्या इंडिगो कंपनीची त्यासाठी माणसांची तजवीज पुरी नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजारांवर. लोकांचे अतोनात हाल झाले, हे खरे. तरीही दमलेल्या माणसाच्या हाती विमान नको हा नियम मला योग्यच वाटतो. रात्रभर पाण्याची पाळी धरून सकाळी ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

कुसुंबे-नशिराबाद भागातील मंडळींना एक विनंती. मेलेले जनावर किंवा कचरा उघड्यावर टाकू नका. त्यावर घारी-गिधाडे जमतात आणि असा एक पक्षी इंजिनात शिरला तर ते निकामी होऊ शकते. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत असा कचरा टाकायला कायद्यानेच मनाई आहे.

आता मुलाबाळांचे. जळगावला विमाने येऊ लागली, शिरपूरला वैमानिक प्रशिक्षणाची संस्था निघाली, तशी गावोगावी 'एअरपोर्ट कोर्स'च्या जाहिराती पोहोचल्या. त्यापायी कोणी केळीचा मळा गहाण टाकू नये. हवाई सुंदरीला कंपनी निवडल्यावर स्वतःच शिक्षण देते, बाहेरच्या महागड्या कोर्सची अट नसते. वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, खर्च लाखांत जातो. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. कंपनीच्या विशिष्ट विमानाचे शिक्षण पुन्हा वेगळे. म्हणून पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला तर पुढचा खर्च तरी वाचतो. विज्ञान घेऊन बारावी झालेल्या, यंत्रांत रमणाऱ्या मुलामुलींनी विमान दुरुस्तीच्या अभियंत्याच्या परवान्याचा विचार जरूर करावा. विमान उडण्यायोग्य आहे अशी सही त्याचीच लागते. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे मोठे केंद्रही उभे आहे. मान्यताप्राप्त संस्थांची यादी केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असते. ती आधी पाहावी, संस्थेचे नाव तीत नसेल तर एक रुपयाही देऊ नये.