मंद गतींत डिझेल पिकअप कां हादरते ?

भाजीपाला, दूध अथवा धान्य बाजारीं पोंचविणारी डिझेल पिकअप आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं असते. ती मंद गतींत हादरूं लागली कीं मिस्त्री सांगेल तो भाग बदलण्याकडे मालकाचा कल होतो. आणि चारहि इंजेक्टर बदलून, हजारों रुपये वेंचून हादरा मात्र कायम, असें पुष्कळदां घडतें. म्हणून दोष शोधण्याचा क्रम आम्ही येथें देत आहों.

प्रथम कारण समजून घ्यावें. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांत दाबली गेलेली हवा तापते व तींत उडविलेलें डिझेल आपोआप पेटतें. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांस चार धक्के मिळतात. मिनिटास ३,००० फेरे असतां सेकंदास १०० धक्के होतात व ते एकमेकांत मिसळून जातात. ८०० फेरे असतां ते सुमारें २७ च होतात. अशा वेळीं एक सिलिंडर दुबळा पडला तर त्याची उणीव झांकण्याइतका जोर फिरत्या चाकांत नसतो. यास्तव दोष मंद गतींतच उघडा पडतो.

आतां सपाट, मोकळ्या जागीं पुढील परीक्षा कराव्या.

१. गाडी उभी करून गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा. तरीहि हादरा असल्यास दोष इंजिनाचा, इंधनाचा किंवा इंजिनाखालील रबरी माउंटिंगचा समजावा. क्लच दाबतांच आवाज बदलल्यास क्लचचें बेअरिंग व फ्लायव्हील तपासावें. केवळ सकाळीं थंड असतांच हादरा येत असेल तर हीटर प्लग पाहावे.

२. उभी असतां शांत, परंतु पहिल्या गिअरमध्यें क्लच सोडतांना गाडी थरथरते, तर क्लच प्लेट झिजलेली वा तेलकट झालेली असावी.

३. वरच्या गिअरमध्यें हळू चालवितांना हादरा येतो, पण त्याच वेगांत खालचा गिअर टाकतांच थांबतो, तर बहुधा गाडींत दोष नाहीं. चालविण्याची संवय बदलावी. गिअर कोणताहि असो, ठराविक वेगालाच हादरा येत असेल तर शाफ्टचे क्रॉस व टायर पाहावे.

इंजिनाचा दोष ठरल्यास स्वस्त उपायापासून आरंभ करावा. इंजिन बंद करून डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करावा व थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत घ्यावें. पाणी असल्यास तें जड असल्यामुळें तळाशीं बसतें. पावसाळ्यांत पिंपांत सांठविलेल्या डिझेलांत हा दोष विशेष आढळतो. पुढें फिल्टर बदलावा, इंधनाच्या नळींतून हवा शिरते काय तें पाहावें, हवेचा फिल्टर व माउंटिंग तपासावें. एवढें झाल्यावरच इंजेक्टरांकडे वळावें. तेहि स्कॅनरवर कोणता सिलिंडर दुबळा आहे हें पाहून व काढलेला इंजेक्टर यंत्रावर तपासून मगच बदलावे.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. हल्लींच्या गाड्यांत इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांत हवेच्या दाबाच्या हजारपटीहूनहि अधिक दाब असूं शकतो. त्यांतून उडालेली बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. म्हणून चालू इंजिनाच्या या नळ्या सैल करूं नयेत व गळती हातानें चांचपूं नये.

मिस्त्रीकडे जातांना ‘गाडी हादरते’ एवढेंच सांगूं नये. थंड असतां कीं तापल्यावर, उभी असतां कीं चालतांना, रिकामी कीं भरलेली, हें सांगावें. जो मालक एवढें सांगूं शकतो त्याचा निम्मा खर्च तेथेंच वांचतो.