सह्याद्रीचे राखीव रान व कडेचा शेतकरी

कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावून कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. वारणा सांगलीनजीक हरिपूर येथे मिळते. या दोन्ही नद्यांचे पाणी ज्या डोंगरांवरून येते, तेथील बरेचसे रान आज एकाच संरक्षित क्षेत्रात आहे. रान राहिले तर माती जागेवर राहते, पाणी जमिनीत मुरते आणि धरणात गाळ कमी येतो. म्हणून खालच्या बागाईतदाराचेही हित या रानात गुंतलेले आहे.

कोयना व चांदोली ही अभयारण्ये १९८५ साली जाहीर झाली. चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन करण्यात आला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी सुमारे ६०० गाभ्याचे आहे. दक्षिणेस राधानगरीचे रान आहे. त्यातील दाजीपूरचे जंगल पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले.

ही राने जोडण्याचे कारण शेतकऱ्यास सहज पटेल. एकच वळू पिढ्यान्‌पिढ्या त्याच कळपात ठेवला, तर पैदास खालावते. तुटक रानात कोंडलेल्या वन्य प्राण्यांचेही तसेच होते. वाघास तर फिरण्यास फार मोठा मुलूख लागतो.

परंतु या कार्याची झळ प्रथम कडेच्या गावांस बसते. कित्येक गावांना धरणासाठी व पुढे अभयारण्यासाठी आपली घरे सोडावी लागली. जी गावे उरली, त्यांच्या भात-नाचणीत गवे व रानडुकरे शिरतात. सर्वांच्या हिताची किंमत या शेतकऱ्याने एकट्याने भरावी, हे न्यायाचे नव्हे. शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. ती त्याच्या हाती पडावी यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी झटले पाहिजे.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पिकाचे वा जनावराचे नुकसान झाल्यास त्याच दिवशी वनरक्षकास कळवावे. पंचनामा होईपर्यंत खुणा मोडू नयेत. सातबाऱ्याचा उतारा तयार ठेवावा.

२. कुंपणात विजेचा प्रवाह सोडू नये. त्याने प्राण्याबरोबर माणसाचाही जीव जातो आणि तो गुन्हाही आहे.

३. गुरांना लाळ-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्यावी. एकाच कुरणात चरताना हा रोग गव्यांमध्येही पसरू शकतो.

४. गवत चांगले फुटते या समजुतीने माळ पेटवू नये. जळून उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

५. ऊसतोडीत बिबट्याची पिल्ले आढळल्यास काम थांबवून दूर व्हावे व वनखात्यास कळवावे. पिल्ले उचलू नयेत. मादी जवळच असते.

कडेच्या शेतकऱ्याचे नुकसान वेळीच भरून निघाले, तरच तो या रानाचा राखणदार होईल. त्याच्या सहकार्यावाचून केवळ सरकारी हुकमाने कोणतेही रान टिकणार नाही.